गर्भाशयाबाहेरचे अस्तर, अंडाशयातील कणिकापेशी आणि ‘गाठ’ हा शब्द

स्त्रीच्या ओटीपोटातील वेदनेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, ओढ लागते, मुरडा पडतो, कंबर भरून येते. आणि यांपैकी एकही शब्द दुसऱ्याच्या जागी निर्वेधपणे घालता येत नाही. कळ लाटेसारखी येऊन जाते, ठणक्याला नाडीची लय असते, ओढ म्हणजे आतून कोणीतरी खाली खेचत असल्याचा भास. इतकी सूक्ष्म शब्दसंपत्ती बाळगणाऱ्या भाषेत, ही सर्व दुखणी महिन्याच्या महिन्याला एकत्र भोगावयास लावणाऱ्या एका विकाराला मात्र सर्वसामान्य स्त्रीच्या तोंडी बसलेले नाव नाही. दवाखान्यात त्याला ‘एंडोमेट्रिऑसिस’ म्हणतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळी निवडणाऱ्या बायकांच्या दृष्टीने ते ‘महिन्याचे दुखणे’ असते, आणि महिन्याचे दुखणे ही तक्रार मानली जात नाही. ती पाळीच्या अर्थातच सामावलेली समजली जाते.

हा विकार जडलेल्या स्त्रीला मूल होण्यास अडचण का येते, आणि वंध्यत्वावर उपचार घेत असताना तिच्या अंडाशयातील पेशींचे कार्य कसे बिघडलेले आढळते, हे मराठीत सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल का टाकावे, असा प्रश्न या पत्रिकेच्या वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात मिळेल. तूर्त एवढेच सांगतो की, या विकाराच्या बाबतीत एक साधा मराठी शब्द रोग्याच्या निर्णयावर परिणाम घडवितो, आणि तो परिणाम अंडाशयापर्यंत पोहोचतो.

प्रथम नावाचा विचार करू. ‘एंडोमेट्रिऑसिस’ हा शब्द अमेरिकेतील ऑल्बनी येथील शल्यविशारद जॉन सॅम्प्सन यांनी १९२० नंतरच्या दशकात रूढ केला. विकाराचे वर्णन व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० साली केले होते, असे सामान्यतः मानतात. शब्दाचे घटक ग्रीक आहेत. ‘मेट्रा’ म्हणजे गर्भाशय. हा शब्द ‘आई’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघालेला असून आपल्या ‘मातृ’ शब्दाचा तो सगोत्र आहे. ‘एंडॉन’ म्हणजे आत. आणि त्याचा मूळ अर्थ ‘घरात’ असा असावा, असे काही व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे जे अस्तर घरात असावयाचे ते घराबाहेर गेले, या विकाराला नाव मात्र ‘घरात’ असे पडले. आपल्याकडे पाळी आलेल्या स्त्रीला ‘बाहेरची’ म्हणत, ती ‘बाहेर बसली’ असे सांगत. किंवा तिला ‘कावळा शिवला’ असे म्हणून विषयच टाळीत. दोन्ही भाषांनी आत-बाहेरचा हा घोळ आपापल्या परीने घातला आहे.

‘अस्तर’ हा फारसीतून आलेला शिंप्याचा शब्द आहे, आणि तो थोडासा फसवा आहे. कापडाचे अस्तर निर्जीव असते. गर्भाशयाच्या आतील पटल हे मात्र शरीरातील अत्यंत चपळ ऊतींपैकी एक होय. दर महिन्याला ते संप्रेरकांच्या आज्ञेने जाड होते, त्यात रक्तवाहिन्या व ग्रंथी वाढतात, आणि गर्भ रुजला नाही की ते गळून रक्तासह बाहेर पडते. एंडोमेट्रिऑसिसमध्ये या पटलासारखीच ऊती गर्भाशयाच्या बाहेर आढळते: अंडाशयावर, उदरपोकळीच्या पडद्यावर, गर्भाशयाच्या पाठीमागील बंधांवर, क्वचित आतड्यावर किंवा मूत्राशयावर. तेथेही ती महिन्याच्या लयीला प्रतिसाद देते, परंतु तेथून रक्ताला वाट नसते. परिणामी दाह होतो, व्रण भरताना अवयव एकमेकांस चिकटतात, आणि वेदना होते.

ही ऊती तेथे कशी पोहोचते? सॅम्प्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेली उपपत्ती अशी की, पाळीतील थोडे रक्त अंडवाहिन्यांतून उलट दिशेने उदरपोकळीत जाते आणि त्यातील जिवंत पेशी तेथे रुजतात. उलट जाणारे रक्त बहुसंख्य स्त्रियांत आढळते, विकार मात्र सर्वांना होत नाही. म्हणून केवळ या उपपत्तीने समाधान होत नाही. रोगप्रतिकार व्यवस्थेतील उणीव, आनुवंशिक प्रवृत्ती, इस्ट्रोजेनवरील अवलंबन ही कारणे जोडीला आणावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयाच्या सुमारे दहा टक्के स्त्रिया व मुली, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी, या विकाराने ग्रस्त आहेत. मूल होत नाही म्हणून तपासणीस येणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण याहून पुष्कळ अधिक असते.

आता अंडाशयाकडे वळू. ‘अंडकोश’ हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. तो पुष्कळांना पुरुषाच्या अवयवाचा वाटतो, आणि परिभाषेत असा संदिग्धपणा परवडत नाही. मिरकरवाड्यातील बायकांना हा अवयव वस्तुतः कोणत्याही पदवीधरापेक्षा अधिक परिचयाचा आहे. मासळी साफ करताना पोटातून निघणारी गाबोळी म्हणजे माशाचे अंडाशयच होय. गाबोळीतील प्रत्येक अंड्याभोवती पेशींचे एक पातळ वेष्टन असते आणि तेच अंड्याच्या वाढीची व्यवस्था पाहते. मानवी स्त्रीत योजना तीच, प्रमाण वेगळे. मासा हजारो अंडी एका वेळी पिकवितो; स्त्रीच्या शरीरात सामान्यतः महिन्याला एकच स्त्रीबीज पक्व होते. जन्माच्या वेळी मुलीच्या अंडाशयांत दहा ते वीस लक्ष अपक्व स्त्रीबीजे असतात, वयात येईतो तीन-चार लक्ष उरतात, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती चार-पाचशे. नवी भर पडत नाही. मासेमारी करणाऱ्या समाजाला साठा आणि त्याचा उपसा यांतील नाते समजावून सांगावे लागत नाही; १ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ त्याच हिशेबावर बेतलेला आहे.

प्रत्येक स्त्रीबीज एका पुटकात वाढते. पुटक म्हणजे द्रवाने भरत जाणारी सूक्ष्म पिशवी. पक्व होताना तिचा व्यास वीस मिलिमीटरांच्या आसपास असतो. तिच्या आतील बाजूस ज्या पेशींचे थर असतात त्यांना पाश्चात्त्य परिभाषेत ‘ग्रॅन्युलोसा’ पेशी म्हणतात. लॅटिन ‘ग्रानुम’ म्हणजे धान्याचा दाणा. सूक्ष्मदर्शकाखाली हा थर दाणेदार दिसला म्हणून हे नाव. आपण त्यांना ‘कणिकापेशी’ म्हणू. कण, कणी, कण्या हे शब्द ज्या घरात रोज उच्चारले जातात तेथे हा शब्द परका वाटू नये. यांपैकी ज्या पेशी थेट स्त्रीबीजाला वेढून असतात त्यांचा पुंजका धान्याच्या राशीसारखा दिसतो, त्या राशिपेशी.

कणिकापेशींना स्त्रीबीजाच्या दाया म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. स्त्रीबीजाभोवती एक पारदर्शक जाड आवरण असते. राशिपेशी आपले अतिसूक्ष्म बाहू त्या आवरणातून आत घालून स्त्रीबीजाच्या पृष्ठाला भिडवितात आणि त्या वाटेने अन्न व संदेश पोहोचवितात. स्त्रीबीजाला साखरेचा थेट उपयोग फारसा करता येत नाही. राशिपेशी साखर मोडून पायरुव्हेट तयार करतात व ते त्याला पुरवितात. हे नाते एकतर्फी नाही. स्त्रीबीजही काही प्रथिने स्रवून आपल्या दायांना वाढण्याचा आदेश देते. दायांची प्रकृती बिघडली तर बाळंतिणीच्या खोलीतला सारा कारभार बिघडावा, तसे येथे होते.

कणिकापेशींचे दुसरे काम संप्रेरकनिर्मितीचे. पुटकाच्या बाहेरील थरातील पेशी एक कच्चा माल तयार करतात, तो पुरुषजातीय संप्रेरकांपैकी असतो. कणिकापेशी ॲरोमाटेज नावाच्या विकराच्या साह्याने त्याचे इस्ट्राडायॉलमध्ये, म्हणजे मुख्य स्त्रीसंप्रेरकात, रूपांतर करतात. मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे पुटक-उद्दीपक संप्रेरक त्यांना हे काम करावयास लावते. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर याच पेशी आपले रूप पालटून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागतात व गर्भाशयाचे पटल गर्भासाठी सज्ज ठेवतात. याशिवाय लहान, वाढत्या पुटकांतील कणिकापेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात, ज्याच्या प्रमाणावरून अंडाशयात अजून किती साठा आहे याचा अंदाज बांधतात. त्याचे नाव प्रति-म्युलेरियन संप्रेरक, दवाखान्यांत ‘ए. एम. एच.’ म्हणतात. हे नाव पुरुषगर्भाच्या विकासातील एका घटनेवरून पडले असून स्त्रीच्या संदर्भात ते काहीच सांगत नाही. नावे अशी प्रवास करतात.

मानवी कणिकापेशींचा अभ्यास शक्य झाला तो शरीरबाह्य फलनाच्या उपचारामुळे. भारतात शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेले या पद्धतीचे पहिले बालक ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मले. डॉ. इंदिरा हिंदुजा यांचा हा प्रयत्न परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्याने झाला, आणि त्या संस्थेचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार होते. याच आनंद कुमारांनी पुढे १९९७ मध्ये कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखर्जी यांचे १९७८ मधील, त्या काळी कोणी न मानलेले कार्य जाहीरपणे अग्रमानास पात्र ठरविले. आपल्या संस्थेच्या वाट्याला आलेला मान असा दुसऱ्याकडे सोपविण्याची उदाहरणे विद्वज्जनांत विरळा. ‘नळीतील बाळ’ हे वृत्तपत्री नाव त्या वेळी रूढ झाले. फलन वस्तुतः नळीत नव्हे, तर पसरट काचपात्रात होते.

या उपचारात स्त्रीला पुटक-उद्दीपक संप्रेरकाची इंजेक्शने देऊन एका वेळी अनेक पुटके वाढविली जातात. ती पिकली की सुईने त्यांतील द्रव शोषून घेतात व त्यातून स्त्रीबीजे वेचतात. उरलेल्या द्रवात कणिकापेशी तरंगत असतात. एरवी त्या टाकून द्यावयाच्या. संशोधक, स्त्रीची संमती घेऊन, त्या जपून ठेवतात. जेथे एकच शुक्राणू सूक्ष्म सुईने स्त्रीबीजात सोडावयाचा असतो तेथे राशिपेशी आधी काढूनच घ्याव्या लागतात. त्याही अभ्यासाला मिळतात. या टाकाऊ मानलेल्या द्रवातून गेल्या तीन दशकांत जे कळले ते असे.

एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांच्या कणिकापेशींत, अन्य कारणांनी उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेने, अधिक पेशी मरणपंथाला लागलेल्या दिसतात. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी संशोधकांनी अशा मृत पेशींचे अवशेष मोजून हे दाखविले. हा मृत्यू अपघाती नसतो. पेशी स्वतःच्याच अंतर्गत आज्ञेने, क्रमाने विसर्जित होते. दुसरे, या पेशींतील आनुवंशिक द्रव्यावर ऑक्सिजनजन्य हानीच्या खुणा अधिक आढळतात. तिसरे, त्यांतील सूत्रकणिका, म्हणजे पेशीची ऊर्जाकेंद्रे, मंदावलेली असून ऊर्जेचा साठा कमी असतो. काही अभ्यासांत या पेशी अकाली वार्धक्याची चिन्हे दाखवितात. चौथे, आणि मला सर्वांत लक्षणीय वाटणारे: ॲरोमाटेजचे प्रमाण घटलेले असते. उलट गर्भाशयाबाहेर रुजलेल्या ऊतीत, जेथे हा विकर मुळीच असू नये, तेथे तो आढळतो, आणि ती ऊती स्वतःपुरते इस्ट्रोजेन तयार करून स्वतःलाच पोसते. जेथे हवा तेथे उणा, जेथे नको तेथे हजर.

याचे कारण पुष्कळ अंशी रक्तातील लोहात आहे. अंडाशयात शिरलेली ही ऊती महिन्यागणिक आपल्याच पोकळीत रक्त सांडते. ते जुने रक्त घट्ट, गडद तपकिरी होते. सॅम्प्सन यांनी १९२१ मध्ये त्याला चॉकलेटची उपमा दिली आणि ती आजही टिकून आहे. रक्तपेशी मोडल्या की त्यांतील लोह मोकळे होते. मोकळे लोह ऑक्सिजनच्या साध्या संयुगांपासून अत्यंत दाहक मूलके निर्माण करते, आणि ही मूलके पेशीची आवरणे, प्रथिने व आनुवंशिक द्रव्य यांवर घाला घालतात. होडीच्या फळीतला लोखंडी खिळा गंजला की भोवतालचे लाकूडही काळे पडून कुजू लागते, हे बंदरावर कोणीही सांगेल. उपमा पूर्ण जुळत नाही, पण शेजाऱ्याला बाधणाऱ्या लोखंडाची कल्पना तिने येते. अशा पुटीच्या लगतच्या पुटकांतील द्रवात लोहाचे प्रमाण वाढलेले आढळले आहे. शिवाय दाहकारक प्रथिनेही तेथे वाढतात. अंडाशयाची बाह्य साल, जेथे सारा साठा असतो, ती पुटीच्या शेजारी तंतुमय होते आणि तीत सुप्त पुटकांची दाटी कमी झालेली असते. एक मत असे आहे की, दाहामुळे सुप्त पुटके अवेळी जागी होऊन वाढीस लागतात व वाया जातात. ठेवीतून मुद्दल उचलावे तसा हा प्रकार.

येथवर चित्र स्वच्छ दिसते. तथापि त्यावर फार भार टाकण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे, या सर्व पेशी संप्रेरकांचा मोठा मारा झालेल्या अंडाशयांतून आलेल्या असतात. नैसर्गिक महिन्यात त्या अशाच वागतात काय, हे त्यांवरून ठरत नाही. दुसरे, तुलनेसाठी घेतलेल्या स्त्रियाही मूल न झाल्यानेच दवाखान्यात आलेल्या असतात. त्यांना ‘निरोगी’ म्हणणे हे सोयीचे आहे, अचूक नव्हे. भाषाशास्त्रातही आपण एका गावच्या चार निवेदकांवरून बोलीचे व्याकरण लिहितो, तेव्हा असाच संयम पाळावयाचा असतो. बहुतेक अभ्यासांतील स्त्रियांची संख्या लहान आहे, आणि निष्कर्ष सर्वत्र एकमेकांशी जुळत नाहीत.

आणि पेशींतील हा बिघाड प्रत्यक्ष अपत्यप्राप्तीवर किती परिणाम करतो? स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी १९९४ मध्ये एक मार्मिक तुलना प्रसिद्ध केली. दान केलेल्या स्त्रीबीजांपासून झालेले गर्भ, दात्या स्त्रीला हा विकार असेल तर कमी प्रमाणात रुजले. घेणाऱ्या स्त्रीला विकार असेल तर मात्र फारसा फरक पडला नाही. यावरून दोष गर्भाशयापेक्षा स्त्रीबीजाकडे असावा, असा तर्क निघाला. उलट २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या तुलनेत या स्त्रियांच्या गर्भांतील गुणसूत्रदोषांचे प्रमाण समवयस्क इतर स्त्रियांइतकेच आढळले. म्हणजे स्त्रीबीजे संख्येने कमी मिळतात, त्यांच्या दाया अशक्त असतात, पण त्यांतून निभावून जो गर्भ तयार होतो तो बहुधा धडधाकट असतो. मूल हवे असलेल्या स्त्रीच्या दृष्टीने हे वाक्य महत्त्वाचे आहे. विकार म्हणजे निराशा नव्हे. मात्र साठा जपला पाहिजे.

आणि येथेच ‘गाठ’ हा शब्द आडवा येतो.

अंडाशयातील त्या जुन्या रक्ताच्या पोकळीला मराठीत सर्रास ‘गाठ’ किंवा ‘चॉकलेटची गाठ’ म्हणतात. मराठीत गाठ कशाची नसते? दोरीची असते, काखेतील सुजलेल्या लसीकापिंडाची असते, स्तनातील कर्करोगाची असते, चरबीची असते, आणि द्रवाने भरलेल्या पिशवीचीही असते. या एका शब्दाखाली घन आणि द्रव, मारक आणि निरुपद्रवी, सारे एकत्र बांधले आहे. मारक अर्थ इतका प्रबळ झाला आहे की ‘तुमच्या अंडाशयात गाठ आहे’ हे वाक्य ऐकताच घरची माणसे कर्करोग ऐकतात. पुढचे क्रियापदही भाषेनेच ठरविलेले असते. दोरीची गाठ सोडवितात, शरीरातील गाठ ‘काढतात’. ‘गाठ काढायची की ठेवायची?’ हा प्रश्नच व्याकरणाने एका बाजूला झुकलेला आहे. गाठ ठेवायची असे कोण म्हणेल?

परंतु अंडाशयातील या पुटीची भिंत आणि निरोगी साल यांच्यामध्ये स्वच्छ सीमा नसते. पुटी सोलून काढताना भिंतीबरोबर सुप्त पुटके असलेली सालही निघून येते. शस्त्रक्रियेनंतर रक्तातील ए. एम. एच. लक्षणीय प्रमाणात घटते, असे अनेक अभ्यासांच्या २०१२ मधील एकत्रित विश्लेषणात दिसले. याच कारणाने युरोपीय मानवी पुनरुत्पादन व भ्रूणविज्ञान संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की, केवळ शरीरबाह्य फलनाचे यश वाढावे म्हणून अशी पुटी सरसकट काढू नये. त्याने जन्मदर सुधारत नाही आणि साठ्याचे नुकसान संभवते. शस्त्रक्रिया कधीच नको, असा याचा अर्थ नाही. असह्य वेदना, कर्करोगाची शंका, किंवा पुटीमुळे पुटकांपर्यंत सुई पोहोचत नसणे, ही कारणे खरी आहेत, आणि तेथे निर्णय तज्ज्ञाचाच. प्रश्न आहे तो शब्दाच्या धाकाने घेतलेल्या निर्णयाचा. दोन्ही अंडाशयांवर दोनदा शस्त्रक्रिया झाल्यावर मग मुलाच्या उपचाराला आलेल्या स्त्रीचा साठा कोणत्याही औषधाने परत भरून देता येत नाही.

मिरकरवाड्यासारख्या वस्तीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. रत्नदुर्गाच्या डोंगराजवळच्या या बंदरात मुसलमान व हिंदू मच्छीमारांची वस्ती आहे. कोकण किनाऱ्यावरील मुसलमान मच्छीमारांच्या ‘दालदी’ बोलीची नोंद ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात १९०५ साली झाली आहे. घरात एक बोली, शाळेत प्रमाण मराठी, धर्मकार्यात अरबी-उर्दूतील शब्द, आणि डॉक्टरपुढे इंग्रजी नावे, अशा चार थरांतून येथील स्त्रीला आपले दुखणे न्यावे लागते. प्रत्येक थरात थोडा अर्थ सांडतो. पाळीविषयीचे शब्द तर बहुतेक टाळण्यासाठीच घडविलेले: अडचण, महिना, बाहेर, विटाळ. ज्या शब्दांचा हेतूच न बोलणे हा आहे त्यांच्या साह्याने वेदनेचा इतिहास सांगावयाचा. डॉक्टर विचारतात, ‘पाळीत दुखते का?’ आणि उत्तर येते, ‘दुखतेच की.’ त्या ‘च’मध्ये निदान हरवते. विकाराची पहिली लक्षणे आणि निदान यांमध्ये जगभर सरासरीने कित्येक वर्षे जातात. हा विलंब अशाच लहान अव्ययांनी बनलेला असतो.

मग एके दिवशी मूल होत नाही म्हणून तपासणी होते, आणि तेव्हा दुसरा शब्द पुढे येतो. संस्कृत ‘वन्ध्या’, प्राकृत ‘वंझा’, मराठी ‘वांझ’: ध्वनिपरिवर्तनाचे हे उदाहरण आपण वर्गात निर्विकारपणे देतो. शासकीय कागदांतील ‘वंध्यत्व’ स्त्री-पुरुष दोघांनाही लावता येते. ‘वांझ’ मात्र माणसांत फक्त बाईच असते. तिला दर महिन्याला होणारी वेदना आणि तिचे मूल न होणे ही एकाच विकाराची दोन टोके आहेत, हे बहुधा या दुसऱ्या शब्दामुळेच प्रथम उघड होते. पहिल्या टोकाला कोणी थांबून विचारले असते तर साठा शाबूत असताना काही करता आले असते. निदानासाठी पोटात दुर्बीण घालण्याची सक्तीही आता उरलेली नाही. कुशल हाताने केलेली सोनोग्राफी अंडाशयातील पुटी बहुधा ओळखू शकते, आणि उपरोक्त २०२२ च्या सूचनांनी दुर्बिणीला निदानाची पहिली पायरी मानणे सोडून दिले आहे.

भारतीय स्त्रियांतील या विकाराचे स्वरूप पाश्चात्त्य स्त्रियांसारखेच आहे काय, हे शोधण्याचे काम परळच्या त्याच संस्थेत चालू आहे. ती आता राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते, आणि डॉ. राहुल गजभिये यांच्या नेतृत्वाखाली देशातील अनेक केंद्रांतून स्त्रियांच्या वैद्यकीय व आनुवंशिक नोंदी तेथे जमविल्या जात आहेत. अशा नोंदी प्रश्नावलीवर अवलंबून असतात, आणि प्रश्नावली भाषेवर. इंग्रजी प्रश्नावलीतील वेदनेच्या विशेषणांना मराठीत एकेक प्रतिशब्द देऊन भागत नाही. ‘क्रॅम्प’साठी कळ घ्यावी की मुरडा? मुरड्याचा संबंध मराठी मनात आतड्याशी व जुलाबाशी आहे. तो शब्द घातला तर अंडाशयाचे दुखणे पोटाच्या विकारात जमा होईल. उलट, विकार आतड्यापर्यंत पसरला असेल तर नेमका मुरडाच विचारला पाहिजे, तोही ‘पाळीच्या दिवसांत शौचाच्या वेळी’ अशी जोड देऊन. असे शब्द बोलीबोलीतून गोळा करून, वैद्यांपुढे ठेवून, त्यांच्या अर्थाच्या सीमा आखून देणे हे भाषाशास्त्राचे काम आहे.

या कामात आपल्या जिल्ह्याला परंपरा नाही असे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि शरीरव्यवहाराबद्दल आडपडदा न ठेवता मराठीत लिहिता येते हे दाखविले. त्यांना त्यासाठी अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. आज खटल्याचे भय नाही. संकोच मात्र पुष्कळसा तसाच आहे, आणि त्यात इंग्रजी नावाआड लपण्याची नवी सोय झाली आहे.

परिभाषेपुरते माझे म्हणणे मर्यादित आहे. ‘एंडोमेट्रिऑसिस’साठी ‘गर्भपटल-अस्थानता’ यासारखा संस्कृत समास घडविता येईल, पण तो रोग्याच्या तोंडी बसेल असे मला वाटत नाही; तेथे ‘बाहेरचे अस्तर’ एवढे पुरे, आणि कागदावर इंग्रजी नाव देवनागरीत लिहावे. ‘ग्रॅन्युलोसा’साठी कणिकापेशी चालावा. ‘गाठ’ मात्र या संदर्भातून काढून टाकावा. घन वाढीला ‘अर्बुद’ हा जुना वैद्यकीय शब्द आहे, लसीकापिंडाला ‘ग्रंथी’ म्हणण्याची चूक थांबवून त्याचेच नाव द्यावे, आणि द्रवाच्या पिशवीला ‘पुटी’ म्हणावे. तपासणीच्या कागदावर ‘डाव्या अंडाशयात चार सेंटिमीटरची गाठ’ असे लिहिण्याऐवजी ‘डाव्या अंडाशयात जुन्या रक्ताची पुटी, चार सेंटिमीटर; मूल हवे असल्यास काढण्यापूर्वी साठा तपासावा’ असे लिहिण्यास एक ओळ जास्त लागते.